एक्काहत्तर रिकामे हंडे

माझे वडील खाडीच्या बांधावर मातीकाम करायचे. रोह्याच्या खाली खाडीकाठी आमचं घर. तिन्ही बाजूंना पाणी, पण प्यायला घोटभर नाही. आई दिवसाला तीन फेऱ्या करून लांबच्या विहिरीवरून पाणी आणायची. माझ्या दहावीच्या वर्षी तिने चौथी फेरी सुरू केली, का तर मी पुस्तक टाकून हंडा उचलू नये म्हणून. मी घराण्यातला पहिला बी.ए. झालो, फौजदार झालो. हे मी छाती पुढे काढून सांगतो.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जुना विषय निघाला की आधी डोळ्यांपुढे येतात ते पेणचे एक्काहत्तर हंडे.

मी तिथे ठाणेप्रमुख होतो. गणपती आठ दिवसांवर आलेले. सकाळी सहाला विश्रामगृहाच्या पहारेकऱ्याचा फोन आला.

"साहेब, फाटकापासून रस्त्यापर्यंत हंडे लावलेत. माणूस एक नाय."

बेवारस वस्तू म्हटली की पोलिसाला घाम फुटतो. मी हवालदाराला पुढे पाठवलं. तो लांबूनच काठीने एकेक हंडा वाजवत गेला.

"आत काय आहे?" मी ओरडलो.

"काय नाय साहेब. पाणीसुद्धा नाय."

पहिल्या हंड्याला पुठ्ठा बांधला होता : 'खाडीकाठच्या वस्तीला नळ द्या.' त्या वस्तीची जलवाहिनी दोन किलोमीटर अलीकडे येऊन कित्येक वर्षं थांबली होती. बायकांनी अर्ज केले होते. एकदा मोर्चाही काढला, तो आम्हीच पेणच्या अलीकडे वडखळच्या नाक्यावर अडवला होता.

दहा वाजता भागातले एक बडे पुढारी विश्रामगृहावर बैठकीसाठी आले आणि रांग बघून लाल झाले. "हा माझ्या बदनामीचा कट आहे. गुन्हा नोंदवा, हंडे जप्त करा, सूत्रधार शोधा!"

तक्रार आली की घ्यावी लागते. पंचनामा केला. मुद्देमालाची खोली गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताच्या सामानाने भरलेली, म्हणून हंडे कोठडीत रचले. त्या दिवशी पकडलेल्या एका दारुड्याला बाहेर बाकावर बसवावं लागलं. "आपली जागा गेली का साहेब?" असं तो दर तासाला विचारत होता.

दुपारी वस्तीतल्या बायका ठाण्यात हजर. पुढे साठीची एक बाई. तिला सगळे नानी म्हणत.

"साहेब, माझा हंडा चोरीला गेलाय. तक्रार घ्या."

"नानी, हंडा समोर कोठडीत दिसतोय. चोरी कसली?"

"मग चोर तुम्ही. तसं लिव्हा."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेवटी हवालदाराने 'गहाळ वस्तू' म्हणून नोंद घेतली. त्याची ठरावीक प्रश्नावली होती. वस्तू शेवटची कधी वापरली? काल पहाटे. कशासाठी? पाणी आणायला. कुठून? दोन कोस लांबून. का? नळ नाय म्हणून. एकेक बाई हेच सांगत गेली, हवालदार लिहीत गेला. संध्याकाळपर्यंत माझ्या दप्तरात त्या वस्तीच्या पाणीटंचाईचा असा अहवाल तयार झाला, की तसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतही नसेल.

शिवाय मूर्ती न्यायला पेणला आलेली मुंबई-पुण्याची माणसं ठाण्यासमोर थांबून विचारू लागली, "हंड्यांना अटक का?" बायका पायरीवर बसून सांगत होत्या.

मी नानीला आत बोलावलं. "हे कुणी केलं?"

"मला काय ठाव? तू कुठला रं?"

"रोह्याकडचा."

"आई पाणी कुठून आणायची तुझी?"

मी जबाबाचा कागद सरळ करत बसलो. त्या चौकशीत उत्तर चुकवणारा मीच होतो.

धागा सापडला तो हंड्यांवरच. प्रत्येकावर नाव घातलेलं : एका महिला मंडळाची सप्रेम भेट. पुढाऱ्यांना कळवताच ते कडाडले, "हेच ते! आधी त्या मंडळाच्या अध्यक्षेला आत टाका."

त्या मंडळाचं नाव ठाण्यात कुणीच ऐकलं नव्हतं आणि बायका काही सांगेनात. भांड्यांवर नाव घालणाऱ्यांकडे विचारत विचारत मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात पोचलो. तिथल्या दुकानदार चाचांनी हंडा उलटा करून पाहिला आणि ते हसायलाच लागले.

"अक्षर आपल्याच मशीनचं, साहेब. इलेक्शनच्या आधीची संक्रांत होती. हळदीकुंकवाचं वाण." त्यांनी ऑर्डरची वही काढली. अध्यक्षा म्हणून सही होती पुढाऱ्यांच्या पत्नीची. त्या एका संक्रांतीनंतर मंडळ कुणाला दिसलंच नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. "साहेब, अध्यक्षा सापडल्या."

"शाब्बास! कुठे राहते?"

"आपल्याच घरी."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाले, "तक्रार मागे घेतो. हंडे देऊन टाका."

पण बायका हंडे घेईनात. नानी म्हणाली, "त्यांनी हंडा दिला, पाणी द्यायचं राहिलं. काम चालू होत नाय तवर ऱ्हाऊ दे तुमच्याकडं." आता वर्तमानपत्रवाले रोज कोठडीचा फोटो मागू लागले. पाचव्या दिवशी रखडलेल्या कामावर पाइप उतरले, तेव्हा कुठे माझी कोठडी रिकामी झाली.

हंडे आले कसे, ते नानीने जाताना सांगितलं. टेम्पोत घालून, वर ताडपत्री. वडखळच्या नाक्यावर आमच्या शिपायाने आत बाप्पा असेल म्हणून हात जोडले आणि टेम्पो सोडला. गणपती हमरापूर-पेणहून जगभर जातात, पेणमध्ये कुणी आणत नाही, एवढंही त्याच्या डोक्यात आलं नाही. मी त्याला झापलं, पण मनापासून नाही.

मोर्चाचा बंदोबस्त मला येत होता. माईक जप्त करता येतो, माणसं गाडीत भरता येतात. पण माणसांनी आपली रोजची अडचणच आणून दारात मांडली, तर तिला हटवायचं कलम मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. आपण जप्त करायला जातो आणि तिची जाहिरात करून बसतो, हे मी तेव्हा शिकलो.

पुढच्या शिमग्याच्या आत जलवाहिनी पूर्ण झाली. वस्तीत आता रोज सकाळी तासभर नळाला पाणी येतं.