चांगल्या वायरीवर घाव

भिमाजीला कुणी दोष दिला तर तो डगमगत नसे. कुणी चांगलं म्हटलं की मात्र सावध होई.

उभी हयात चर खोदण्यात गेली होती. आधी द्राक्षबागांच्या पाइपलाइनी, मग टेलिफोनच्या तारा. पाणी आलं नाही, फोन मुका झाला, की पहिलं बोट खोदणाऱ्याकडे. पुढे दोष भलतीकडेच निघे, पण ते सांगायला कुणी परत येत नसे.

२००३च्या हंगामात पिंपळगाव बसवंतला खंडेरावांच्या पॅकहाउसमध्ये त्यानं वायर पुरली. कोल्ड स्टोरेजचं तापमान ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसावं, यासाठी. गुडघाभर चर, तळाला वाळू, वर पाइप, पाइपात वायर. महिनाभर सुरळीत चाललं. मग एक नवा कॉम्प्युटर आला आणि पडद्यावरचा आकडा हलेना. कोल्ड स्टोरेजमध्ये परदेशी जाणारी द्राक्षं भरलेली.

"आबा, वायरीत दोष निघाला तर नव्या शेडचं काम दुसऱ्याला देईन," खंडेराव भिमाजीला म्हणाले.

नाशकाहून दीपक नावाचा कॉम्प्युटरवाला आला. वायर ज्या डबीत जाते तिथला बारीक हिरवा दिवा त्यानं वाकून पाहिला. "आबा, तुमची वायर ठीक आहे. दोष वरचा आहे."

"न उकरता कळलं?"

"दिवा लागलाय ना. म्हणजे दोन्ही टोकं जोडलेली आहेत."

भिमाजीला ते पटलेलं दिसेना. तेव्हा दीपकनं पॅकिंगच्या टेबलाकडे बोट केलं. तिथं सिंधुबाई घड भरत होती. "मावशी, घड पाऊचमध्ये, पाऊच पेटीत, पेटीवर पत्ता, पेटी टेम्पोत. टेम्पोवाला पेटी उघडून द्राक्षं बघतो का?"

"हात तर लावू दे त्याला," सिंधुबाई म्हणाली.

"कॉम्प्युटरचं बोलणं असंच थराथरानं जातं. आत आकडा, त्यावर पत्ता, सगळ्यात खाली रस्ता. ज्यानं त्यानं आपल्या थराचं काम करायचं. आबांची वायर म्हणजे रस्ता. रस्ता चालू आहे. पत्ता चुकलाय. नव्या कॉम्प्युटरला कुणीतरी कोल्ड स्टोरेजमधल्या यंत्राचाच पत्ता दिलाय, असं वाटतं." तो ऑफिसात गेला.

"आबा, तुमची बाजू घेतोय तो," सिंधुबाई म्हणाली.

"म्हणूनच. तिऱ्हाइताला माझी बाजू कशाला घ्यावी वाटती? पत्ते घालणारे हेच, रस्ता चांगला म्हणणारेबी हेच. खंडेरावभाऊंपुढं गेला की फिरंल."

"लय वहीम बरा नाय."

भिमाजीनं टिकाव उचलला. टेम्पो वळतात तिथली जमीन दबून दगड झाली होती. पाइप चेपला असेल तर इथंच. दुसऱ्यानं दाखवण्याआधी आपण बघावा. पाइप जवळ आला की टिकाव ठेवून खुरप्यानं माती काढायची, हे त्यानं जन्मभर इतरांना शिकवलं. त्या दिवशी एक घाव जास्त पडला. पाइप फुटला, वायरीचे दोन तुकडे झाले. आधी ती कुठंही चेपलेली नव्हती.

ऑफिसात तोवर दीपकनं पत्ता बदलला होता. आकडा हलू लागला म्हणून त्यानं खंडेरावांना बोलावलं. ते येईपर्यंत आकडा पुन्हा थिजला.

"हेच का दुरुस्त केलं?" खंडेराव म्हणाले.

दीपक गोंधळला. पत्ते पुन्हा तपासले, ते बरोबर होते. मग वाकून वायरीच्या ऑफिसातल्या टोकाची डबी पाहिली. "दिवा गेलाय. आता वायर तुटली."

दारात भिमाजी उभा होता, हातात टिकाव, पाय मातीनं भरलेले. "खरं हाय," तो म्हणाला. "आत्ता मीच तोडली." मग दीपककडे वळून म्हणाला, "म्हणजे मघाशीबी खरंच बोलत होता तुम्ही."

"चांगली वायर तोडली?" खंडेरावांनी विचारलं.

"चांगली हाय का ते बघाया."

सिंधुबाई मागे पदराआड हसली. खंडेराव हसले नाहीत.

भिमाजीनं वायरीला जोड दिला नाही. पाइपाचा फुटका तुकडा बदलला आणि कोल्ड स्टोरेजपासून ऑफिसापर्यंत अखंड नवी वायर ओढली. हिरवा दिवा लागला, आकडा हलला, तेव्हा खंडेराव म्हणाले, "वायरीत दोष निघाला तर, असं बोललो होतो. वायरीत नव्हता. नव्या शेडचं काम तुमचंच. पण दिवा लागलेला असताना टिकाव उचलायचा नाही."

नव्या शेडमध्ये वायर पडली, दिवा लागला. "झालं आबा," दीपक म्हणाला.

भिमाजीनं वायरीचं टोक उपसलं. दिवा विझला. परत खोचलं. लागला.

"आता झालं," तो म्हणाला.