गार्ड चालेल, फॉरवर्ड नाही!

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या व्याह्यांनी धोतरावर सांडला होता. आणि एक आधीच सांगते, माझी फजिती झाली हे कबूल, पण चूक माझी होती हे मी मेले तरी कबूल करणार नाही! शब्द त्या लोकांनी वाकडा वापरला, त्याला मी काय करू?

तर, माझी भाची उज्जू. माझ्या धाकट्या भावाची, बापूची मुलगी. पारोळ्यात आमच्या गल्लीत तिच्याएवढी उंच बाई नव्हती, पुरुषही नव्हता. पोरगी कॉलेजात बास्केटबॉल खेळायला लागली आणि अख्ख्या गल्लीच्या पोटात दुखायला लागलं. "चड्डी घालून उड्या मारते म्हणे! फारच फॉरवर्ड हो पोरगी!"

फॉरवर्ड! त्या काळात आमच्याकडे हा शब्द शिवीपेक्षा वाईट. शिवी निदान तोंडावर तरी देतात! मी ज्या घरातून तो शब्द ऐकला त्या दारात जाऊन उभी राहायचे. "कोणाला फॉरवर्ड म्हणालीस गं? ये, बाहेर ये!" बाई आतून कडी लावून घ्यायची.

मी नाही भीत कोणाला. बापू मात्र मांजर आडवं गेलं तरी घरी परत येणारा.

नव्वद साल उजाडलं होतं की उजाडायचं होतं, नक्की आठवत नाही. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत मुलींच्या एका लीगसाठी निवड होती. होतकरू पोरींना तयार करायची लीग. तिथे चमकलं की पगार देऊन खेळवणाऱ्या मोठ्या टीमा उचलतात म्हणे. पगार! चेंडू खेळायचा! उज्जूने हट्टच धरला. बापू कसाबसा तयार झाला, पण अट घालून. एका जरी परक्या माणसाने पोरीला फॉरवर्ड म्हटलं, की खेळ बंद. आल्या पावली घरी, आणि मग बघायला पाहुणे बोलवायचे.

"म्हणून तर बघू दे कोणी!" मी पदर खोचला.

निघालो. एसटीत गल्लीतल्या दोघी जणीही चढल्या, पोरीचं काय होतं ते बघायला. ताजी बातमी नको का?

कोच सर पुण्याकडचे. गळ्यात शिट्टी, चेहरा सज्जन. उज्जूने दोन-चार उड्या मारल्या तोच ते लगबगीने आमच्याकडे आले.

"तुमचीच का मुलगी? वा! मी पाहताक्षणी ओळखलं. फॉरवर्ड आहे!"

बापूचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "अक्का, चाल घर," तो पुटपुटला.

"थांब तू!" मी सरांकडे वळले. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा!"

"फॉरवर्ड! आणि साधी नाही हो, पॉवर फॉरवर्ड!"

ऐकलंत? आहे काही भीडमुर्वत?

"लाज नाही वाटत? बाप उभा आहे समोर!"

"लाज कसली? आजकाल चांगल्या फॉरवर्ड मुली मिळतात कुठे? आम्हाला तर दोन-दोन लागतात." सर आपल्याच खुशीत. "हिच्या आधी घरात कोणी होतं का फॉरवर्ड?"

घरात! म्हणजे आमच्या सात पिढ्या काढल्या की हो! माझं डोकंच सणकलं. "आमच्या घराण्यात फॉरवर्ड कोणी नव्हतं आणि होणार नाही! पोरगी गरीब गाय आहे. दुसरं काय ते करा तिला, पण हा शब्द परत काढायचा नाही!"

सर गांगरले. "बरं... मग गार्डला खेळवू?"

गार्ड! आता भुसावळ तिथून हाकेवर. गार्ड म्हणजे आम्हाला रेल्वेतलाच ठाऊक. पांढरे कपडे, हातात हिरवा झेंडा, महिन्याच्या महिन्याला पगार! बापूच्याही चेहऱ्यावर रंग परत आला.

"गार्ड चालेल," मी ठणकावलं. "फॉरवर्ड नाही!"

"पण बाई, एवढी उंच मुलगी..."

"उंच गार्ड रुबाबदार दिसतो!"

सर कपाळाला हात लावून गेले.

झालं! उज्जूला केलं गार्ड. म्हणजे काय, तर चेंडूला टप्पे देत लांबून आणायचा आणि दुसऱ्यांना द्यायचा. बुटक्या चपळ पोरी तिच्या हातातून चेंडू पळवू लागल्या. बास्केट राहिली तिकडे लांब. आणि मी शेजारच्या बाईला विचारतेय, "झेंडा कधी देतात हो हिला?"

मध्यंतरात पोरगी आली ती रडतच. "आत्या, मला फॉरवर्डवरून कोणी काढलं?"

"मी! कोणाची हिंमत आहे तुला..."

"अगं, फॉरवर्ड म्हणजे पुढे, बास्केटजवळ खेळणारी! जागेचं नाव आहे ते! आता घेतील का मला?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पण मी काय रडत बसणारी बाई आहे? तडक सरांच्या टेबलापाशी गेले. लोक बघत होते म्हणून वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, मघाशी मी लपवलं. आमची पोरगी फॉरवर्डच आहे हो. लहानपणापासून! बाप भित्रा आहे म्हणून बोलले नाही."

सर दोन्ही हातांनी खुणा करू लागले. मला वाटलं, पटत नाही त्यांना. मी जरा आवाज चढवला. "अहो, देवाशपथ! आमच्या गल्लीत विचारा, लहानथोर बठ्ठे हेच म्हणतात!"

तेव्हा कुठे माझा आवाज मला विजेच्या खांबावरून ऐकू आला. टेबलावरचा माइक चालू होता! कॉलनीभर भोंगे लावलेले. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाया कठड्यावरून वाकून बघत होत्या. गल्लीतल्या त्या दोघींचे तर आ वासलेले.

मग काय, पदरात तोंड लपवू? मी? उचलला माइक आणि ओरडले, "हो! फॉरवर्ड शे आमनी पोर! कोणले काय म्हननं शे?"

कोण काय म्हणणार! शिट्टी वाजली, उज्जू पुढे गेली, आणि मग तिने जे चेंडू टाकलेत बास्केटमध्ये, विचारू नका. शेवटी नावं वाचली त्यात हिचं पहिलं.

पण बापू? सरांनी त्याला विचारलं, "पाठवणार ना मुलीला?" माझी त्याच्याकडे बघायची छाती होईना. एवढ्या लोकांत त्याच्या पोरीला फॉरवर्ड म्हणणारी मीच की!

बापूने खांबावरच्या भोंग्याकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे, मग माझ्याकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्याने बोलला.

"लोके काय म्हनतीन, यालेच भ्यात होतू मी. तू तर बठ्ठं भोंगावर सांगी दिन्हं. आते गल्लीले बोलाले काही बाकीच नही ठेवं, अक्का! जाऊ दे पोरले."