रमाचे हात

दुपारच्या रिकाम्या उपाहारगृहात माझ्या शेजारच्या टेबलावर दोघं बसली होती. एक वयस्क कादंबरीकार आणि त्यांच्या कादंबरीवरून सिनेमाची पटकथा लिहिणारी तरुणी.

"काका, ही रमा अख्खं प्रकरणभर नुसता विचार करते. कॅमेऱ्याला विचार कसे दाखवू? काढून टाकू का तिला?"

"मग कादंबरी कशाला घेतलीत? नुसतं मुखपृष्ठ घ्यायचं!"

"चिडू नका हो. एवढंच सांगा, विचार करताना ती काय करते?"

कादंबरीकारांनी ओठांकडे नेलेला चहाचा कप परत बशीत ठेवला.

पटकथेत दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं, असा त्या कामाचा नियम आहे. नियम कोरडा आहे, पण अडचणीत आणणारा आहे. एखाद्याच्या मनात काय चाललं असेल, हे बसल्याजागी लिहून मोकळं होता येतं. त्या वेळी त्याचे हात काय करत होते हे सांगायला मात्र त्याच्याकडे बघितलेलं असावं लागतं. माझ्यासारख्या बातम्या लिहिणाऱ्यांनाही हे लागू आहे. एकदा लक्षात आलं की आपलंच जुनं लिखाण नीट वाचवत नाही.

चहा तसाच ठेवून काका उठले.

"उद्या सांगतो. तोवर तिला काढू नकोस."

"आठवून सांगणार?"

"बघून. रमा म्हणजे माझी थोरली वहिनी."

"अय्या! कुठे असतात त्या?"

"आमच्याच घरी. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज डोळ्यांसमोर असते," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून तसेच उभे राहिले.