वाघोबाचा नारळ

धाकट्या भावाच्या पोटात पाणी झालं, तेव्हा आईने कारण लगेच शोधून काढलं: वाघोबाचा मान द्यायचा राहिला. आमची शेतं विठ्ठलवाडीच्या पलीकडे होती. दर वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला घरचा नारळ जायचा. तो पोचला की वाघोबा गुरापोरांना हात लावत नाही, असं आम्ही मानत आलेलो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सरकारने जमीन घेतली, लष्कराच्या बराकी उठवल्या, त्यात तो दगड कुठे गेला कोण जाणे. पुढे बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले. आई पिशवीत नारळ घेऊन त्यांच्या दारोदार दगडाची चौकशी करत फिरायची. एका सिंधी बाईने बिचारीने स्वतःच्या चुलीचे दगड काढून दाखवले. मला लाज वाटायची आणि आईचा रागही यायचा.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी भावाला तपासलं आणि वडिलांना बाजूला घेतलं. मी वडिलांचा सदरा धरून उभी होते. "घरी न्या. आता मागेल ते द्या त्याला," डॉक्टर म्हणाले. बाकावर बसलेल्या आईला वडिलांनी एवढंच सांगितलं, "मागल तं द्यावाचा, डाक्टर बोलला."

आईला वाटलं, पथ्य सुटलं. ती किती दिवसांनी हसली. वडिलांनी तिला हसू दिलं, आणि मीही.

"कं पायजे रं तुला?" वडिलांनी भावाला विचारलं.

"वाघ बगाचा हाय."

जन्मापासून वाघोबाच ऐकत आलेलं पोर ते, दुसरं काय मागणार! वडिलांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि आम्ही म्युझियममध्ये गेलो. पेंढा भरलेले पक्षी, हरणं मागे टाकत काचेतल्या वाघापुढे येऊन उभे राहिलो. आईने डोक्यावर पदर घेतला, पिशवीतला नारळ काचेपुढे ठेवला आणि फरशीला कपाळ टेकलं.

पहारेकरी धावत आला. "ओ बाई, उचला ते! देव नाही हा. आत भुसा भरलाय."

"भुसा आसंल," आई म्हणाली. "आमचा दगड तरी कं व्हता?"

त्याने नारळ उचलून तिच्या हातात दिला आणि आम्हाला दरवाजाकडे वळवलं.

भाऊ मात्र मागे वळून वाघाकडेच बघत होता. "बा, ह्यो मेलाय?"

"हा. कोनी सायबानं मारला."

"मेलाय तं नारळ कं करनार? मना दे."

"देवाचा हाय, बाला," आई म्हणाली.

"मागतंय. दे," वडील म्हणाले.

मानाचा नारळ पोचवल्याशिवाय आमच्या घरात कुणी त्याची शेंडीसुद्धा ओढत नसे. वडील तर त्या बाबतीत भारी कडक. आईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि डॉक्टर खरं काय बोलले ते तिला कळलं. तिने नाही म्हणावं, भांडावं, पुन्हा दारोदार दगड शोधत फिरावं, असं मला फार वाटलं. पण तिने बाहेर येऊन पायरीच्या कडेवर नारळ आपटला, आणि तिथेच बसून भावाला खोबरं भरवायला लागली.

तो चवीने खात होता. मधेच थांबून म्हणाला, "आये, वाघाला ठेव थोडा."

"त्याला नको," आई म्हणाली. "तूच खा."