जामसिंगची लांबची वाट

वाटाड्या जामसिंग आम्हांला तोरणमाळच्या तलावापासून कड्यापर्यंत जवळची वाट सोडून लांबच्या वाटेने का नेत असे, या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे.

मी लोणखेड्याला भूगोल शिकवीत असे. दर हिवाळ्यात आमची सहल तोरणमाळला जाई. पुढे जामसिंग चाले. पन्नाशीचा, सडपातळ, कमरेला कोयता. तलाव मागे पडला की जंगलात दोन वाटा फुटत. डावी सरळ कड्याकडे जाई, पण तिच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकलेल्या असत. जामसिंग उजवीकडे वळे. "इकडून दरी चांगली दिसते," एवढेच तो म्हणे. प्रत्यक्षात तिकडून बराच वेळ दरी दिसतच नसे.

"सर, हाऊ माणूस काहीतरी दपाडी ऱ्हायना," माझे सहकारी रतिलालभाई त्यांच्या अहिराणीत हळूच म्हणत; तो काहीतरी लपवतो, असा त्यांना संशय होता. "तठे दारूनी भट्टी ऱ्हाई, नही तं लाकडं तोडतंस."

मी जामसिंगलाच विचारले. तो म्हणाला, "पाय दुखतात का, गुरुजी?" मुले हसली. मला हसू आले नाही.

तिसऱ्या वर्षी मी घड्याळ लावले. नकाशावरून वीस मिनिटांची वाट त्याने पन्नास मिनिटांची केली. काटेरी फांद्या ताज्या तोडलेल्या होत्या आणि त्याच्या कोयत्याला ओला चीक होता. माझ्या दृष्टीने पुरावा पुरेसा होता. वाटाडे नेमणाऱ्या गावसमितीला मी लेखी कळवले. जामसिंगचे काम त्याच आठवड्यात गेले.

माझे चुकले ते क्रमात. तक्रार आधी केली, पाहणी मागाहून.

चैत्रात एका सकाळी मी एकटाच डाव्या वाटेने उतरलो. थोड्या अंतरावर झाडांखालची जमीन झाडून, पालापाचोळा जाळून काळी केलेली दिसली. संशय खरा ठरला, असे समजून मी पुढे पाऊल टाकले.

"भाऊ, उभाच राहा. पाय हलवू नको."

टोपली घेऊन एक बाई वाकली होती. पडलेली फुले सहज दिसावीत म्हणून काळ्या केलेल्या त्या जमिनीवर मोहाची पिवळसर फुले पसरली होती आणि त्यांतली काही माझ्या बुटाखाली चिरडली होती. तिने बुटाभोवतालची फुले आधी वेचली, मग मला मागे सरकायला सांगितले. "पावसाळ्याचं खाणं आहे हे," ती म्हणाली. झाड जामसिंगचे का, असे मी विचारले. "त्याची झाडं पलीकडच्या डोंगरावर. ही आमची."

मी जामसिंगच्या घरी गेलो. तो कुंपण बांधत होता.

"हिवाळ्यात फुले नसतात. मग तेव्हाही लांबून का?"

"वाट हिवाळ्यात पडते, गुरुजी. चैत्रात ती लोकांना दिसते."

"मला सांगायचे तरी."

"सांगितलं की लोक बघायला येतात." गाठ आवळत तो पुढे म्हणाला, "तुमचं घड्याळ मात्र बरोबर होतं."

मी समितीला दुसरे पत्र लिहून माझी चूक कबूल केली. जामसिंग आणखी दोन हिवाळे आमच्यापुढे चालला, उजव्या वाटेनेच. पुढे तो तापाने गेला. रतिलालभाई अजूनही म्हणतात, "फुलंस्नी गोठ खरी व्हई, पन पुरी नही." मी त्यांच्याशी वाद घालत नाही, घाईने बनवलेल्या मताचा अनुभव मी एकदा घेतला आहे.

डावी वाट आता गवताखाली बुजली असावी, असे मला वाटते. वाचकांनी कड्याकडे जाताना, लांबच्या वाटेवरूनच, हे कृपया स्वतः तपासून पाहावे.