डाव्या हाताचे अक्षर

“शास्त्रीबुवा, पेनाला टोपण लावा.” वर्गाच्या दारातच गुरुजी हे म्हणत आणि माझ्या मनगटावर दोन बोटे ठेवत. मग निरीक्षणाचे प्रपत्र चार घड्या करून टोपीत खोचत, चपला बाहेर काढत आणि शिकणाऱ्यांच्या शेवटच्या रांगेत मांडी घालत.

वाचकहो, आपणांपैकी कोणी दुसऱ्याचे शिकवणे तपासले असेल, तर तपासणाऱ्याचा हात त्याच्या डोळ्यांच्या आधी चालू लागतो हे आपण अनुभवले असेल. माझाही तसाच चाले. जव्हारच्या विद्यालयात आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झालो आणि प्रौढांच्या साक्षरता वर्गांचे निरीक्षण माझ्याकडे आले. प्रत्येक वर्गाला दोघांनी जायचे असे. माझे जोडीदार खोडाळ्याकडच्या एका पाड्यावर वाढलेले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांचे नाव मी येथे घेणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

वर्गात बसले की ते पाटी मागून घेत आणि डाव्या हाताने लिहीत. पहिल्या वेळी मला हा पोरकटपणा वाटला.

“उजव्या हाताला सगळं येतं,” ते म्हणाले. “त्याला वर्गात काय काम?”

डावा हात थरथरे, अक्षर ओळीखाली घसरे. शिकवणारी पुढच्या अक्षराकडे गेली की ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणत, “बाई गेल्या पुढे. माझा ‘क’ अजून पोटातच अडकलाय.” मी प्रपत्रात गती, उच्चार, फळ्याचा वापर यांचे गुण मांडत असे. त्यांना मात्र एवढेच जाणून घ्यायचे असे की अडकलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहते की नाही. परतताना एसटीत ते गाढ झोपत आणि जव्हारच्या थांब्यावर उतरल्यावर, पायरीवर बसून, टोपीतले प्रपत्र भरत.

जामसरजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडीच्या ओट्यावर दुपारचा वर्ग भरे. शिकवणारी तिथलीच एक सून, बारावी झालेली. भाद्रपदात आम्ही प्रथम गेलो, तेव्हा तिने हजेरी न घेताच पाठ सुरू केला. वही कोरी होती. मी शून्य मांडणार, तोच मनगटावर दोन बोटे आली.

“आधी विचारा तिला.”

मी विचारले. ती खाली पाहत राहिली. उत्तर दुसऱ्या रांगेतून आले, तिच्या सासूकडून.

“ती माझं नाव कशी घेल? सून हाय ती. आन् तो पुढं बसलाय, तो तिचा चुलतसासरा. त्याचं नाव घेतलं तं म्हातारा उठून जाल.”

“नाय जात,” म्हातारा म्हणाला. “आता बसलो तं बसलो.”

“मग क्रमांक पुकारावेत,” मी सुचवले.

“नंबर तं रेशनला असतो,” सासू म्हणाली. “तुला शाळेत नंबरानं हाक मारत का?”

त्यांच्या घरच्या बोलीत सर्वांना ‘तू’च. मला त्याची सवय व्हायला वेळ लागला.

गुरुजींनी सुनेला विचारले, “मग कोण आलं नाही, ते तुला कसं कळतं, पोरी?”

“ज्याची जागा रिकामी, ती दिसते की.”

 गुरुजींनी ती कोरी वही उचलली, सर्वांच्या मधोमध जमिनीवर उघडून ठेवली आणि पहिल्या ओळीवर डाव्या हाताने स्वतःचे नाव लिहिले.

सासूने वाकून पाहिले. “मास्तर, हे तं कोंबडीनं उकरल्यावानी झालं.”

“तुम्ही बरं काढा,” असे म्हणून त्यांनी पेन्सिल तिच्यापुढे धरली.

कार्तिकात, नागलीच्या काढणीच्या दिवसांत आम्ही पुन्हा गेलो. वहीत नावे होती, प्रत्येकाने आपापली लिहिलेली. कोणाचे पूर्ण, कोणाचे अर्धे. चुलतसासऱ्याची नुसती एक उभी रेघ, पण रोजची. सासूच्या नावाचे पहिले अक्षर तीन आठवडे एकटेच होते, मग दुसरे येऊन बसले होते.

एसटीत मी म्हणालो, “गुरुजी, ‘शिक्षकाने हजेरी घेतली काय’ असा रकाना आहे. तिने घेतलेली नाही. शून्यच द्यावे लागेल.”

“द्या शून्य. मी खाली लिहितो, की इथे हजेरी घेत नाहीत, देतात.”

आम्ही जव्हारपर्यंत वाद घातला. नियमाला अपवाद नको, असे मी म्हणालो. शून्य मी दिले, ओळ त्यांनी लिहिली. काही दिवसांनी वरून पत्र आले: शिकणाऱ्यांनी स्वतः भरलेल्या हजेरीचा भरवसा नाही; तिसऱ्या भेटीत वहीत एक जरी खोटी नोंद आढळली, तरी वर्ग बंद करावा.

त्या रात्री जपाला बसलो असता मला माझी पाठशाळा आठवली. गुरूचे नाव शिष्याने तोंडाने उच्चारू नये, असे आम्हांला तिथे शिकवले होते. ते मी साठ वर्षे श्रद्धेने पाळले, आणि त्या सुनेला त्याच वर्तनासाठी शून्य दिले. गुरुजींनाही मी मनाने गुरू मानू लागलो होतो. हे त्यांना सांगायचे मी ठरवले, पण ते राहून गेले. माघात, अल्पशा आजाराने, ते गेले.

फाल्गुनात मी एकटाच जामसरला उतरलो. तरुण माणसे कामासाठी ठाण्याकडे गेली होती. ओट्यावर बहुतेक वृद्धच होते. सुनेने वही पुढे केली. पत्राची बातमी तिच्यापर्यंत पोहोचलेली होती.

“तुझा जोडीदार कुठं हाय?” सासूने विचारले.

मी सांगितले.  चुलतसासऱ्याने डोक्याचे फडके काढून मांडीवर ठेवले.

मग सासूने वही माझ्या हातातून घेतली. मागची पाने उलटून तिने ते पहिले पान काढले, त्यावर बोट ठेवले, आणि त्या दिवसाच्या पानावर, आपल्या नावाखाली, गुरुजींचे नाव उतरवू लागली. एकेक अक्षर पाहायची, पान उलटायची, लिहायची. सून तिच्या शेजारी बसून राहिली आणि पाठ पुढे गेला नाही. नाव पुरे झाले तेव्हा मी पाहिले: डाव्या हाताची ती घसरण, ओळीखाली उतरलेले शेवटचे अक्षर, सारे तिने तसेच काढले होते.

मी प्रपत्र उघडले. ‘हजेरीच्या वहीत खोटी नोंद आढळली काय?’

मी ‘नाही’ असे लिहिले, आणि पेनाला टोपण लावले.