फळ्यावरचं इंजेक्शन

"सर, माझे पेशंट पळवायला लागलात का?"

फोनवर वर्षा होती. माझी जुनी विद्यार्थिनी, आता लातुरात स्त्रीरोगतज्ज्ञ. मी नांदेडची जीवशास्त्राची बॅच उरकून बसस्टँडवर चहा पीत होतो.

"दीपालीच्या आईला गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. छोटी प्रोसिजर केली की झालं. पण बाई म्हणतात, सरांनी आरएनएचं इंजेक्शन सांगितलंय, तेच घेऊ. तुम्हालाच विचारा म्हणाल्या."

चहा तसाच ठेवून मी लातूरची बस धरली.

दीपाली माझ्या लातूरच्या नीट बॅचमधली. आई गाव सोडून भाड्याच्या खोलीत तिला रांधून घालायची. आठवड्यापूर्वी मी वर्गात रंगात आलो होतो. एचपीव्ही विषाणू पेशीत शिरतो, आरएनएच्या चिठ्ठ्या पाठवून तिला बेलगाम वाढायला लावतो. आपण इंजेक्शननं नेमका छोटा आरएनए सोडला की ती चिठ्ठी वाचण्याआधीच फाटते. "कॅन्सर आउट!" म्हणत मी खडू भिरकावला. टाळ्या पडल्या. हे अजून संशोधनात आहे, एवढं सांगायचं टाळ्यांत राहून गेलं. दीपालीनं घरी जाऊन आईला तसंच सांगितलं असणार. लातुरात लोक डॉक्टरवर सेकंड ओपिनियन घेतात, क्लासच्या सरांवर नाही.

उतरलो तो थेट त्यांच्या खोलीवर.

"बसा की सर. ते विंजेक्शन आलं का?" दीपालीच्या आईनं विचारलं.

मी बोटानं हवेत पेशीचं चित्र काढायला लागलो.

"चित्र ऱ्हाऊ द्या. किती दिस लागतेल?"

"माहीत नाही. कदाचित बरीच वर्षं. मी वर्गात जरा फेकलं, ताई."

दीपाली खाली बघायला लागली.

"परीक्षा जवळ आली," ताई म्हणाल्या. "मी पडून ऱ्हायले तर पोरीच्या डब्याचं काय? म्हनलं, सुईवर भागलं तर बरं." मग समोरच्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "भूकंपात माझं माहेर गेलं, सर. त्याच्या आधी लई दिस बारक्या हादऱ्यानं भांडी वाजायची. लोकं म्हनायचे, वाजू द्या, काई होत न्हाई... हे बी भांडीच वाजायलीत की. दीपा, लाव डॉक्टरीनबाईला फोन."

प्रोसिजर नीट झाली. पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या. दीपालीनं एचपीव्हीची प्रतिबंधक लस घेतली; ती आजच मिळते, तिची वाट पाहावी लागत नाही. त्या दिवसांत दीपालीचा डबा आमच्या घरून गेला. "तू फेकलंस, तूच थाप," बायको म्हणाली. माझ्या भाकरी पाहूनच ताई लवकर उठल्या असाव्यात.

मला रागावणाऱ्या वर्षाचे उपकार आहेतच. ताईंचे जास्त; माझ्या फेकण्यावर त्या अडून बसल्या नाहीत.

आता तो धडा शिकवताना आधी सांगतो, "हे उद्याचं औषध. आजचं डॉक्टरकडे आहे." टाळ्या कमी पडतात. चालतंय.